फुल फ्लॅप, फुल पॉवर: घरच्या सिम्युलेटरवर तयार झालेला हात

सेसना १७२ हे छोटं प्रशिक्षण विमान, सर्किटचा (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा) सराव, फायनल अप्रोच, म्हणजे उतरण्याआधीची शेवटची सरळ वाट. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) ३० अंश, वेग ६५ नॉटच्या आसपास. धावपट्टीवरचं आधीचं विमान अजून बाहेर पडलेलं नव्हतं, म्हणून प्रशिक्षकांनी सांगितलं, "गो-अराउंड." म्हणजे उतरणं रद्द करून पुन्हा वर जाणं. विद्यार्थ्याने क्रम बरोबर केला. थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारी दांडी) पूर्ण पुढे, नजर समोर, मग उजवा हात फ्लॅपच्या दांडीकडे. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत विमानाचं नाक आकाशाकडे निघालं, वेग पन्नाशीकडे घसरला, स्टॉलची, म्हणजे नाक फार वर गेल्याने पंखांची उचल जाण्याची, सूचना देणारा भोंगा कण्हायला लागला आणि विमान हळूहळू डावीकडे सरकू लागलं. त्याने योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकलला होता, निदान त्याची तशी समजूत होती. प्रशिक्षकांनी "आय हॅव कंट्रोल" म्हणत योक दाबला, नाक क्षितिजाशी आणलं, उजव्या पायाने रडर (उभ्या शेपटीवरचं सुकाणू) दिला आणि विमान सरळ वर नेलं.

उतरल्यावर सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला: "ढकलत का नव्हतास?"

हा विद्यार्थी माझा भाचा. महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करतो. तिथे जाण्याआधी काही वर्षं तो घरच्या सिम्युलेटरवर याच सेसनात बसलेला, आणि गो-अराउंड हा त्याचा आवडता सराव. क्रम तोंडपाठ होता, वेग पाठ होते. सिमवर हे इतक्या वेळा जमलेलं असताना खऱ्या विमानात का फसलं, हे त्यालाही कळेना. सुट्टीत आला तेव्हा त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मामा, सिम खोटं आहे." माझं पोट नियंत्रण यंत्रणांच्या कामावर चालतं आणि सिम हा माझा जुना नाद, त्यामुळे मला हे लगेच पटलं नाही. आम्ही तो प्रसंग तसाच्या तसा उभा करून पाहायचं ठरवलं.

तोच प्रसंग, घरात

सुरुवातीलाच एक गोष्ट हाती लागली. सिममध्ये त्याने विमानाचं वजन कधी बदललंच नव्हतं. जे मुळात भरलेलं येतं त्यावरच उडवायचा. खऱ्या विमानात पुढच्या दोन्ही खुर्च्यांवर दोन मोठी माणसं, मागची बाक रिकामी, टाक्या बऱ्यापैकी भरलेल्या. १७२ मध्ये अशा भाराने गुरुत्वमध्य पुढे सरकतो. पुढे सरकलेल्या गुरुत्वमध्यामुळे कमी वेगात नाक वर धरायला शेपटीला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे अप्रोचवर नाक-वर ट्रिमही (हाताने जोर न लावता नाक तिथेच राहावं म्हणून केलेली जुळणी) जास्त द्यावा लागतो. या जास्तीच्या ट्रिमचा हिशेब गो-अराउंडला चुकता करावा लागतो.

दुसरी गोष्ट हवेची. त्याचा सिम कायम १५ अंश सेल्सियसचं कोरं आकाश दाखवायचा. हेच तापमान 'प्रमाण वातावरणा'त समुद्रसपाटीला धरलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. हवा विरळ होते, इंजिन कमी ताकद देतं, पंखा (प्रोपेलर) कमी ओढतो आणि तापलेल्या काळ्या रानावरून उठणाऱ्या झोतांनी विमान हिंदकळतं ते वेगळंच. आम्ही वजन भरलं, तापमान चढवलं आणि जमिनीला भिडायला नको म्हणून ३,००० फुटांवर प्रयोग केला. फ्लॅप ३०, पॉवर कमी, ६५ नॉटला ट्रिम. मग हात काढून घेऊन थ्रॉटल पूर्ण आत.

नाक वर गेलं, आणि चांगलंच गेलं. वेग उतरला, भोंगा वाजला, विमान डावीकडे निघालं. त्याच्याकडे मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर आहे, माझ्याकडे एक्स-प्लेन. दोन्हींत कमीअधिक फरकाने हेच झालं. म्हणजे पडद्यावरच्या विमानाने खोटं काही सांगितलेलं नव्हतं. जे आकाशात घडलं तेच घरात घडत होतं.

ते का घडतं हे थोडक्यात. अप्रोचवर पंखा जवळजवळ नुसता फिरत असतो. शेपटीवर फक्त विमानाच्या वेगाची हवा येते आणि तेवढ्या हवेच्या हिशेबाने ट्रिम लावलेला असतो. थ्रॉटल उघडला की पंख्याचा झोत शेपटीवर आदळतो. नाक वर ठेवण्यासाठी लावलेल्या त्याच ट्रिमला अचानक दुप्पट काम मिळाल्यासारखं होतं. भरीला झोत पंखांच्या उघड्या फ्लॅपवरूनही वाहतो, त्यामुळे शेपटीवर येणाऱ्या हवेची दिशाच बदलते. डावीकडचा ओढा निराळा: पंखा बसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, नाक वर असताना त्याचं खाली येणारं पातं जास्त ओढतं आणि झोत गोल फिरत जाऊन उभ्या शेपटीला एका बाजूने ढकलतो. उजवा पाय दिल्याशिवाय हे थांबत नाही.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या प्रशिक्षण पुस्तिकेत याला स्वतंत्र नाव आहे, एलिव्हेटर ट्रिम स्टॉल (एलिव्हेटर म्हणजे शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा हलता भाग). तो मुद्दाम उंचीवर करून दाखवला जातो, कारण धावपट्टीजवळ तो पहिल्यांदा भेटावा असं कुणालाच वाटत नाही.

मग फसलं कुठे

हात न काढता, नेहमीसारखा गो-अराउंड कर म्हटलं. त्याने थ्रॉटल दिला, जॉयस्टिक अंगठा आणि दोन बोटांनी जराशी पुढे सारली, आणि नाक जागेवर राहिलं. सुरेख. मी त्याला तिथेच थांबवलं. सामान तोलायचा लटकता काटा घरात होता. तो जॉयस्टिकच्या मुठीला अडकवला आणि शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहिलं. काटा किलोच्या आतच राहिला. त्याच्या गो-अराउंडला तर टोकापर्यंत जायचीही गरज नव्हती.

आता दुसरा आकडा पाहा. छोट्या विमानांच्या अमेरिकी प्रमाणीकरण नियमांत, भाग २३ च्या जुन्या मांडणीत, वैमानिकाला किती जोर लावावा लागला तर चालेल याचा तक्ता होता. नाक वर-खाली करण्यासाठी, योकवर एक हात असताना, थोड्या वेळापुरता ५० पाउंड, म्हणजे जवळजवळ २३ किलो. सतत लावून धरायचा असेल तर १० पाउंड. ही कमाल मर्यादा आहे. सेसनाच्या गो-अराउंडला एवढं लागतं असा याचा अर्थ नाही. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते यातून कळतं: खांद्यातून ढकलणारा माणूस. आणि १७२ मध्ये हे सगळं डाव्या हाताने करायचं, कारण उजवा हात आधी थ्रॉटलवर आणि मग फ्लॅपवर असतो.

भाच्याने खऱ्या विमानात योक पुढे ढकलला होता हे खरंच. पण सिमवर जेवढा जोर पुरायचा तेवढाच. योक हलला असेल जेमतेम. हाताला लागलेला विरोध त्याला "टोक आलं" असा वाटला, कारण त्याच्या जॉयस्टिकवर एवढा विरोध फक्त टोकालाच यायचा. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच सर्वात मोलाची माहिती.

सेसनाच्या योकमधून केबली कप्प्यांवरून थेट शेपटीपर्यंत जातात. मध्ये मदतीला काही नाही. हाताला जे जाणवतं ते शेपटीवरच्या हवेचं वजन. चालत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळवा धरला की गाडी गावात असताना आणि हायवेला लागल्यावर जो फरक पडतो, तोच इथे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यामुळे योकचा जडपणा हे वैमानिकाच्या हातातलं वेगमापकच असतं. विमान मंदावलं की योक सैल, ढिला लागतो. स्टॉलच्या जवळ तर पिठात हात घातल्यासारखा. उभ्या विमानात तर योक आपसूक पुढे जाऊन पडलेला दिसतो, कारण हवा नाही आणि एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. घरच्या जॉयस्टिकच्या स्प्रिंगला यातलं काहीच माहीत नसतं. ४० नॉटला, १२० नॉटला, पार्किंगमध्ये, तिचा जोर तोच आणि मध्यबिंदूही तोच.

ट्रिमची उलटी सवय

मध्यबिंदू तोच, ही बाब जोरापेक्षाही जास्त घोळ घालते. ट्रिमकडे पाहिलं की ते कळतं.

खऱ्या १७२ मध्ये उजव्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ट्रिमचं चाक फिरवलं की ती हलते आणि एलिव्हेटरला हव्या त्या जागी हवेच्याच जोराने धरून ठेवते. प्रशिक्षक शिकवतात ते असं: आधी योकने नाक हवं तिथे आण, पॉवर लाव, योक तिथेच धरून ठेव, आणि हातावरचा भार नाहीसा होईपर्यंत चाक फिरव. योक जागचा हलत नाही, फक्त जड असलेला हलका होतो.

घरी मात्र योक धरून ठेवून ट्रिम फिरवला तर नाक पळत सुटतं. स्प्रिंगचा मध्यबिंदू हलू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तडजोड करतं: जॉयस्टिक मध्यावर असताना एलिव्हेटर कुठे असावा, तेवढंच ट्रिम बदलतो. मग एका हाताने ट्रिम देत देत दुसऱ्या हाताने जॉयस्टिक मध्याकडे सोडत यावी लागते. खऱ्या विमानात धरून ठेवायचं, घरी सोडत यायचं. दोन्ही हालचाली एकमेकींच्या विरुद्ध, आणि भाच्याच्या हाताला दुसरीच पक्की बसलेली.

यातून सिमवाल्यांना एक खोड लागते, ती त्यालाही होती. जॉयस्टिकच्या बटनावर ट्रिम ठेवायचा आणि विमान ट्रिमनेच उडवायचं. गो-अराउंडला तो थ्रॉटल देता देता अंगठ्याने ट्रिमचं बटन दाबायचा, नाक खाली यायचं, जॉयस्टिकला फार काही करावं लागायचंच नाही. त्याच्या स्कूलच्या विमानात ट्रिमचं चाक खाली, मधल्या भागात, हाताने फिरवायचं. अंगठ्याला तिथे काम नव्हतं.

आणखी एक बारकावा, जो क्वचितच कुणी बोलतं. हात सोडल्यावर खऱ्या सेसनाचा एलिव्हेटर हवेत थोडा मोकळा तरंगतो. झुळूक आली की तोही हलतो. अभियंते या दोन अवस्थांना काठी-मोकळी आणि काठी-बांधलेली स्थिरता म्हणतात. घरी हात सोडला तरी स्प्रिंग काठी बांधूनच ठेवते, आणि बांधलेल्या काठीचं विमान सहसा जास्त स्थिर असतं. सिमचं विमान "रुळावरून चालतं" अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचा काही भाग इथून येतो. उरलेला भाग अर्थातच झोतांचा, खुर्चीच्या थरथरीचा.

रडरबद्दल फार लिहीत नाही. त्याच्याकडे पेडल नव्हती. जॉयस्टिक पिळून रडर द्यायचा, आणि बराच काळ ऑटो-रडरची मदत चालू होती. उजव्या पायाला काम असतं हे पायाला ठाऊकच नव्हतं.

गणित कितपत खरं

"सिम वास्तव आहे का" हा वाद बहुतेक वेळा सॉफ्टवेअरभोवती फिरतो. ऑस्टिन मेयर यांच्या एक्स-प्लेनमध्ये पंख आणि पंखा यांच्या छोट्या छोट्या पट्ट्या पाडून प्रत्येकीवरचा जोर दर सेकंदाला अनेकदा मोजला जातो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आवृत्त्या मुख्यतः आधीच भरलेल्या तक्त्यांवर चालायच्या. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीत असोबो स्टुडिओने विमानाचं अंग हजाराहून जास्त पृष्ठभागांत विभागलं. कोणती पद्धत श्रेष्ठ यावर लोक हिरिरीने भांडतात, आणि भांडणाला अर्थही आहे: जमिनीवरचं वळण, आडवा वारा, स्टॉलनंतरचं घसरणं यांत फरक जाणवतात. पण या प्रकरणात दोन्ही गणितांनी परीक्षा पास केली होती. नापास झाला होता तो टेबलाला चिकटवलेला दोन स्प्रिंगांचा डबा. सॉफ्टवेअर बदलून भाच्याचा गो-अराउंड सुधारला नसता.

मोठ्या, कोट्यवधींच्या सिम्युलेटरांनाही हातांच्या चुकीच्या सवयी लावता येतात. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाच्या उड्डाणाचं एअरबस ए३००-६०० विमान निघाल्यावर लगेच कोसळलं. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. पुढच्या विमानाच्या झोतात सापडल्यावर फर्स्ट ऑफिसरने रडर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अनेकदा मारला आणि उभी शेपटीच तुटली. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या, एनटीएसबीच्या, अहवालात या रडरच्या रचनेबरोबर कंपनीच्या प्रशिक्षणाचाही वाटा नोंदलेला आहे. तिथल्या एका सिम्युलेटर सरावात विमान कलंडत असताना सुरुवातीला वैमानिकाच्या नियंत्रणांचा परिणाम सॉफ्टवेअर दाबून ठेवायचं. म्हणजे जोर लावला तरी काही होत नाही, अजून लाव, असा धडा. खऱ्या विमानात त्या वेगाला पेडल जेमतेम इंच-सव्वा इंच हललं की रडर टोकाला जात होता. भाच्याचं उलटं झालं. त्याच्या काठीने शिकवलं की थोडक्यात सगळं होतं.

सिम्युलेटरची बाजूही सांगायला हवी. एडविन लिंकने १९२९ मध्ये बनवलेला ट्रेनर वडिलांच्या वाद्यकारखान्यातल्या भात्यांवर हलायचा. अमेरिकी लष्कराने १९३४ मध्ये तो घेतला तो ढगांत आणि अंधारात उपकरणांवर उडायला शिकवण्यासाठी, कारण टपाल वाहताना त्यांचे वैमानिक खराब हवेत मरत होते. विमान "कसं लागतं" हे शिकवायला तो घेतलाच नव्हता. घरच्या संगणकांचंही तसंच. इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात तपासून पाहिलं तेव्हा उपकरणांवरच्या उड्डाणात संगणकावरच्या सरावाने प्रत्यक्ष उड्डाणाचे तास वाचतात असं दिसलं, आणि १९९७ मध्ये एफएएने मान्यताप्राप्त संगणकी उपकरणावरचे १० तास उपकरणांवर उडण्याच्या परवानगीसाठी (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) धरायला सुरुवात केली. आपल्या सीपीएलला २०० तास लागतात आणि घरच्या टेबलावरचा एकही तास लॉगबुकात चढत नाही. भाच्याला मात्र सर्किटचा क्रम, रेडिओवरचं बोलणं, चेकलिस्ट आणि उपकरणांवर नजर फिरवणं यांत स्कूलमध्ये काहीच अडलं नाही. सरांनीही ते कबूल केलं. त्यांची तक्रार इतकीच की पोरगा पॅनेलकडे फार बघतो, बाहेर कमी. सिमवर वाढलेल्या प्रत्येक मुलाबद्दल प्रशिक्षक हेच सांगतात, आणि एका छोट्या पडद्यात बाहेर बघण्यासारखं असतं तरी किती?

नंतर काय केलं

सरांनी त्याला पुढच्या सॉर्टीत उंचीवर नेलं. फ्लॅप ३०, अप्रोचचा ट्रिम, आणि हात योकवर न ठेवता फुल पॉवर. नाक वर जाऊ दिलं, भोंगा वाजू दिला, मग सांगितलं, आता डाव्या हाताने आण खाली. त्याचा कोपर सरळ झाला तेव्हा नाक खाली आलं. मग ट्रिम फिरवून हात हलका करायचा, आणि फ्लॅप टप्प्याटप्प्याने. १७२एसच्या पुस्तिकेत क्रम आहे तो असा: थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप २०, वेग ६० नॉट, मग अडथळे पार होईपर्यंत १०, आणि सुरक्षित उंचीवर शून्य. क्रम त्याला आधीपासून येत होता. त्या क्रमात "ढकल" हा शब्द कुठेच लिहिलेला नाही, ही माझी त्या पुस्तिकेबद्दलची जुनी कुरकुर.

घरी आम्ही बटनावरचा ट्रिम काढून टाकला आणि वेगळ्या चाकावर नेला. ऑटो-रडर बंद, जुनी पेडल घेतली. जॉयस्टिकच्या जागी योक आणला. त्याचा पुढे-मागे प्रवास लांब असल्याने मनगटाऐवजी हात तरी हलतो. वजन आणि तापमान आता दर वेळी भरतो. काठी किती हलवली की विमानाने किती प्रतिसाद द्यावा हे ठरवणारे संवेदनशीलतेचे वक्र त्याने एकेकाळी इतके मऊ करून ठेवले होते की मधल्या भागात काही जाणवायचंच नाही. ते सरळ केले. आता विमान "जास्त नाचतं" अशी त्याची कुरकुर आहे. नाचू दे म्हटलं.

जोराचा प्रश्न तसाच राहिला. मोटर असलेले फोर्स-फीडबॅक योक आणि जॉयस्टिक मिळतात. त्यांत वेगाप्रमाणे काठी जड-हलकी होते आणि ट्रिम फिरवला की मध्यबिंदू खरोखर सरकतो, म्हणजे धरून ठेवून ट्रिम देण्याची खरी सवय घरी लावता येते. मायक्रोसॉफ्टचीच साइडवाइंडर फोर्स फीडबॅक दोन दशकांपूर्वी हे बऱ्यापैकी करायची. मग हा प्रकार बाजारातून जवळजवळ गेला आणि अलीकडे महागडा होऊन परत आला आहे. भाच्याने किमती काढल्या, फ्लाइंग स्कूलच्या तासाच्या दराशी ताडून पाहिल्या आणि ते पैसे सरांबरोबरच्या जादा सर्किटांना घातले.

गो-अराउंड आता जमतो. फ्लेअर (टेकण्याआधी नाक हलकेच उचलणं) अजून उंचावर होतो, आणि त्यावर घरी काही करण्यासारखं आम्हाला तरी सापडलेलं नाही.